रंगाची संख्या आणि डोळ्याची साक्ष

संगणकाच्या साहाय्याने चित्रे काढणाऱ्या पहिल्या पिढीने रंगाकडे जवळजवळ पाठच फिरवली होती, ही गोष्ट आज, प्रत्येकाच्या खिशातल्या पडद्यावर दीड कोटीहून अधिक रंगांची सोय झालेली असताना, सांगूनही कोणास खरी वाटत नाही. १९६५ साली श्टुटगार्ट येथे गेओर्ग नेस व फ्रीडर नाके यांनी, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या हॉवर्ड वाइज गॅलरीत मायकेल नोल व बेला युलेश यांनी, यंत्राने सिद्ध केलेली चित्रे रसिकांपुढे मांडली, तेव्हा भिंतीवर होत्या त्या बहुतांशी काळ्या रेषा आणि काळे ठिपके. याचे सरळ कारण असे सांगतात, की त्या काळचे रेखनयंत्र, ज्याला प्लॉटर म्हणत, ते कागदावर शाईचे पेन फिरवी; रंग बदलायचा म्हणजे पेन बदलायचे; आणि ज्या संगणकावर हे सारे चाले तो विद्यापीठाच्या अगर प्रयोगशाळेच्या मालकीचा, त्यावरचा वेळ मिनतवारीने मागून घ्यायचा, अशा स्थितीत चित्रकाराने रंगाचा हट्ट धरावा तो किती? कारण खरे आहे, पण पुरते नाही. नाके यानेच १९६७-६८च्या सुमारास मॅट्रिक्सच्या गुणाकारांवरून रंगीत शाईची चित्रे काढली होती, म्हणजे वाट अगदीच बंद नव्हती. आणि उलट बाजूस मानफ्रेड मोर हा जर्मन चित्रकार १९६९ पासून संगणक वापरीत असूनही जवळजवळ तीन दशके काळ्यापांढऱ्याबाहेर पडला नाही. तो पडला १९९८ साली, रंगीत पडदे घरोघर पोहोचून कित्येक वर्षे लोटल्यावर. तेव्हा मोरचा हा उपवास व्रताचाच म्हटला पाहिजे.

त्या व्रतामागे एक अडचण आहे, आणि अंकीय अमूर्त चित्रकलेतील रंगप्रयोगांचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास हा, माझ्या मते, त्या एका अडचणीशी निरनिराळ्या चित्रकारांनी केलेल्या तडजोडींचा इतिहास आहे. रेषा संख्येच्या हुकमात राहते. दोन बिंदूंचे अंक ठरले की त्यांना जोडणारी रेषा कोठून जाईल, हे कागदाला, यंत्राला आणि पाहणाऱ्याला सारखेच ठाऊक असते. रंगाचे तसे नाही. संगणक रंगाची नोंद तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन खात्यांत ठेवतो, प्रत्येक खात्यात ० पासून २५५ पर्यंतचा एक अंक. तिन्ही खात्यांतील शक्यतांचा गुणाकार केला की १,६७,७७,२१६ हा छाती दडपून टाकणारा आकडा येतो. पण हा जमाखर्च झाला प्रकाशाचा. ज्याला आपण रंग म्हणतो तो पाहणाऱ्याच्या डोळ्यात, शेजारच्या रंगाच्या संगतीत, त्या त्या क्षणी घडतो, आणि त्याची नोंद या तिन्ही खात्यांत शोधूनही सापडत नाही.

ज्यांस पडताळा पाहावयाचा असेल त्यांनी फोनच्या पडद्यावर एखाद्या पिवळ्याधमक झेंडूचे छायाचित्र आणून त्यावर बोटाच्या टोकाने पाण्याचा बारीक थेंब ठेवावा. थेंब भिंगाचे काम करतो, आणि भिंगाखाली पिवळा रंग कोठेच नसतो. दिसतात ते तांबडे आणि हिरवे कण, आणि त्यांच्यामध्ये विझल्यासारखे निळे. पिवळेपणा आपला आपणच करून घेतलेला असतो. आमच्या आजीची एक धूपछाँव पैठणी होती, उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्याच. पदर हलला की जांभळ्याखालून डाळिंबी डोकावे आणि लहानपणी आम्हांस ती मोठी जादू वाटे. येवल्याच्या विणकराने धाग्याने जे केले तेच पडदा प्रकाशाच्या कणांनी करतो. फरक इतकाच, की पैठणी हलली की आपले गुपित सांगून टाकते आणि पडदा ते शेवटपर्यंत पोटात ठेवतो.

या गुपितामुळे नवख्या चित्रकाराची जी फजिती होते ती सांगण्याजोगी आहे. शाळेच्या रंगपेटीतल्या पिवळ्यात निळा मिसळला की हिरवा होतो, हे ज्ञान आपण सर्वांनी ड्रॉइंगच्या तासाला पदरात पाडून घेतलेले असते. संगणकाच्या लेखी पिवळा म्हणजे २५५, २५५, ०, आणि निळा म्हणजे ०, ०, २५५. दोहोंची सरासरी काढावी, तर तिन्ही खात्यांत साधारण १२८ येतात, म्हणजे हाती लागतो निर्भेळ करडा. तांबड्या-हिरव्याची गोष्ट याहूनही फसवी आहे. त्यांची सरासरी १२८, १२८, ० अशी येते, आणि तिचा रंग गढूळलेल्या शेवाळासारखा दिसतो. वास्तविक दोन दिव्यांचा प्रकाश निम्मानिम्मा मिसळला, तर येणाऱ्या रंगाचा अंक १८८च्या आसपास असावयास हवा. याचे कारण असे, की पडद्याच्या दप्तरात हे अंक प्रकाशाच्या प्रमाणात लिहिलेच जात नाहीत; अंधाराकडच्या बारीक फरकांना डोळा अधिक जागरूक असतो म्हणून तेथे जास्त अंक राखून ठेवण्याची वहिवाट आहे, आणि त्या वहिवाटीने अर्धा प्रकाश १२८वर न पडता १८८वर पडतो. हौशी चित्रांतून एका रंगातून दुसऱ्यात जाणाऱ्या पट्ट्यांच्या मध्यावर जो मळकट पट्टा दिसतो, त्याचे मूळ बहुधा या न वाचलेल्या वहिवाटीत असते.

शास्त्रज्ञांनी ही दरी बुजवण्याचे प्रयत्न केले नाहीत असे नाही. १९३१ साली प्रकाश व रंग यांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने थोड्याशा माणसांच्या डोळ्यांवर इंग्लंडमध्ये झालेल्या प्रयोगांवरून एक प्रमाणित निरीक्षक कल्पिला, आणि आजही जगातील प्रत्येक पडदा त्या काल्पनिक माणसाच्या साक्षीवर चालतो. १९७६ साली त्याच आयोगाने रंगांमधील अंतर डोळ्यास वाटेल तसे मोजण्याची पद्धत ठरवली. १९७८ साली ॲल्व्ही रे स्मिथ याने चित्रकारांच्या सोयीसाठी रंगाची जात, त्याची गडदता आणि त्याची उजळता अशी तीन नवी खाती सुचवली. चित्रकार प्रसन्न झाले, आज्ञावल्यांतून ती पद्धत सर्वत्र रूढ झाली, आणि तिच्यातला दोष पुष्कळांच्या अजूनही ध्यानात आलेला नाही. या पद्धतीत शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा यांची उजळता कागदोपत्री सारखीच धरलेली असते. प्रत्यक्षात पडद्यावरच्या पिवळ्याची दीप्ती निळ्याच्या जवळजवळ तेरापट असते. ज्याने या खात्यावर विसंबून रंगचक्राला एक फेरी मारली, त्याच्या चित्रात पिवळ्यापाशी दिवस उजाडतो आणि निळ्यापाशी रात्र पडते, मग त्याच्या मनात असो वा नसो. २०२० साली ब्यॉर्न ओटोसॉन याने मांडलेली ओकलॅब ही पद्धत या बाबतीत पुष्कळ प्रामाणिक आहे, आणि अलीकडचे जाणते लोक तिच्याकडे वळत आहेत.

परंतु माप कितीही सुधारले, तरी शेजाराचा प्रश्न शिल्लक राहतो. हा प्रश्न संगणकाहून फार जुना. पॅरिसच्या गोब्लँ येथील शाही विणकामशाळेत शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचा प्रमुख असताना काळ्या लोकरीबद्दल तक्रारी येऊ लागल्या, की काळा पुरेसा काळा उतरत नाही. शेव्रलने लोकर तपासली, ती निर्दोष होती. दोष होता तो शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या संगतीचा. १८३९ साली त्याने त्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला. चित्रकार योझेफ आल्बर्सने १९५० पासून मरेपर्यंत चौकोनात चौकोन काढून याच एका मामल्याची चौकशी चालवली, आणि १९६३ साली रंगांच्या परस्परसंबंधांवर जे पुस्तक प्रसिद्ध केले त्यात विद्यार्थ्यांनी रंग कालवण्याऐवजी रंगीत कागद कापून शेजारी ठेवावेत असा आग्रह धरला. मी हे पुस्तक हाताशी ठेवून एका संध्याकाळी पडद्यावर १२८, १२८, १२८ असा एकच करडा चौकोन एकदा नारिंगीवर आणि एकदा निळ्यावर ठेवून पाहिला. पहिला थंड, निळसर. दुसरा उबदार, जवळजवळ राखेत विस्तव असावा तसा. अंक मी स्वतः लिहिले होते, ते सारखे असल्याची खातरी होती, तरीही डोळा आपली साक्ष फिरवावयास शेवटपर्यंत तयार झाला नाही.

या अडचणीशी सर्वांत दीर्घ झुंज दिली ती हॅरल्ड कोहेन याने, आणि म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबणे प्राप्त आहे. १९६६ साली व्हेनिसच्या बिएनालेत ब्रिटनचे प्रतिनिधित्व केलेला, रंगासाठीच नावाजलेला हा चित्रकार कॅलिफोर्नियास गेला आणि १९७०च्या दशकाच्या आरंभी त्याने ॲरन नावाची आज्ञावली लिहावयास घेतली. ॲरन रेखाटन करी आणि कोहेन स्वतःच्या हाताने त्यात रंग भरी, ही व्यवस्था वर्षानुवर्षे चालली, कारण रंग कसा द्यावा याचे नियम त्याला स्वतःलाच शब्दांत सांगता येत नव्हते. चित्रकार रंग लावतो, मागे सरून पाहतो, पुन्हा लावतो, आणि ॲरनला तर डोळेच नव्हते. न पाहता रंगवणे असे त्याने या प्रश्नाला नावच दिले होते. अखेर त्याला जो मार्ग सापडला तो असा, की रंगाच्या जातीपेक्षा त्याच्या उजळतेचा हिशेब आधी सांभाळावा. काय उजळ, काय काळोखे, हे चोख ठरले की रंगांना आपापसांत पुष्कळ मुभा देता येते. १९९५ साली बॉस्टनच्या संगणक संग्रहालयात त्याचे यंत्र स्वतः रंग मिसळून कुंचल्याने चित्र रंगवीत असताना लोकांनी पाहिले. नवलाची गोष्ट पुढेच आहे. वृद्धापकाळी, यंत्राला रंग शिकवून झाल्यावर, कोहेनने रंगाचे काम पुन्हा आपल्याकडे घेतले, आणि ॲरनच्या आकृत्यांवर तो मोठ्या स्पर्शपडद्यावर बोटांनी रंग देऊ लागला. याचा अर्थ पराभव असा कोणी लावतील. मला तर ज्याने मुलाला धंदा शिकवला आणि तरी रोज पेढीवर जाऊन बसण्याची गोडी सोडली नाही, अशा गृहस्थाचे ते वर्तन वाटते.

मोरने उलट टोक पकडले. त्याच्या चित्रांचा विषय हायपरक्यूब, म्हणजे तीनाहून अधिक मितींचा घन. सहा मितींच्या हायपरक्यूबला समोरासमोरचे कोपरे जोडणारे ३२ कर्ण असतात, आणि एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात कडाकडांनी जाण्याच्या ७२० वाटा असतात. या वाटा सपाट पृष्ठावर उतरल्या, की काळ्यापांढऱ्यात त्यांचा गुंता सुटेना, म्हणून त्याने रंग घेतले, आणि तेही यदृच्छेने निवडून, कोणत्याही रंगसिद्धांताची सनद न मागता. एका क्षेत्राहून दुसरे वेगळे दिसावे, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा. ही चित्रे पाहताना मात्र असे वाटत राहते, की शेजारच्या दोन रंगांना एकमेकांपाशी उभे केल्यावर ते गप्प राहतील हा मोरचा भरवसा भोळा होता. ते बोलतातच, आणि त्या चित्रांतला आनंद पुष्कळसा त्या अनाहूत संभाषणाचा आहे.

यदृच्छेची ही वाट जर्मन चित्रकार गेरहार्ड रिख्टरने अधिक सावधपणे चोखाळली. १९७४ साली त्याने ‘४०९६ रंग’ या नावाचे चित्र केले. २००७ साली कोलोनच्या प्राचीन कॅथीड्रलच्या दक्षिणेकडील खिडकीसाठी ७२ रंगांचे ११,२६३ काचचौकोन संगणकाकडून यदृच्छेने मांडून घेतले. पण ते ७२ रंग त्याने त्या मंदिराच्या जुन्या काचांतूनच वेचले होते. तेथील कार्डिनल माइस्नर यांना ही खिडकी रुचली नाही; ती मशिदीत अधिक शोभली असती, असा त्यांचा अभिप्राय पुष्कळ गाजला. मला तो अभिप्राय, त्यांच्या इच्छेविरुद्ध, एका अमूर्त चित्राचा गौरवच वाटतो. पुढे २०११ मध्ये रिख्टरने १९९० सालचे स्वतःचेच एक अमूर्त तैलचित्र घेऊन त्याचे छायाचित्र उभे दुभागले, मग चार भाग, मग आठ, असे करीत बाराव्या पायरीस ४०९६ भागांपर्यंत नेले, आणि प्रत्येक अरुंद फाळीचे प्रतिबिंब शेजारी जोडीत जोडीत तिचे लांबच लांब आडवे पट्टे केले. मूळ चित्रात रंग ओरबाडलेला, थरावर थर, हाताच्या जोराची खूण बाळगणारा. पट्ट्यांत त्यातले काहीही उरत नाही, केवळ त्या रंगांची गणना उरते, आणि तरीही लांबून पाहता त्या पट्ट्या डोळ्यांपुढे अशा काही थरथरतात, की दृष्टी एका ओळीवर ठरत नाही. संख्येने मूळ रंगाचा सारा देह नाहीसा केल्यावर डोळ्याने आपल्या पदरचा कंप त्यात घातला. अंकीय रंगाबद्दल मी जे म्हणत आलो आहे त्याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

अमेरिकन चित्रकार कोरी आर्कँजेलचा प्रयोग थोडक्यात सांगता येईल. फोटोशॉपमधील तयार रंगपट्टा ओढून त्याने प्रचंड छायामुद्रिते केली आणि शीर्षकात चित्राची लांबीरुंदी, पट्ट्याचे नाव आणि माऊस कोठे दाबला व कोठे सोडला त्याचे अंक, एवढाच तपशील एखाद्या सात-बाराच्या उताऱ्यासारखा लिहिला. ज्याला पाहिजे त्याने घरी तेच चित्र करावे. विनोद मार्मिक आहे, एकदा ऐकावा.

आज्ञावली लिहूनच चित्र काढणाऱ्यांची जी मोठी परंपरा आज दिसते, तिची आजी व्हेरा मोल्नार. बुडापेस्टमध्ये शिकलेल्या आणि पुढे पॅरिसवासी झालेल्या या बाईंनी १९६८ साली संगणक हाती घेतला आणि २०२३ मध्ये वयाच्या नव्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन होईपर्यंत त्या काम करीत होत्या. नियमबद्ध रचनेत शेकडा एक इतकाच गोंधळ सोडून काय होते ते पाहावे, ही त्यांची रीत. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, बाकी सारे जागच्या जागी. रंगाच्या प्रयोगकर्त्यास याहून उपयुक्त शिस्त कोणी सांगितलेली नाही, कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या की कोणत्या बदलाने चित्र उठले हे कळण्याचा मार्ग बंद होतो. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत जॉन माएदा याने १९९९ साली चित्रकारांसाठी जी छोटी संगणकभाषा केली तिच्यात ० ते १०० असा केवळ करडाच होता. तिच्याच पोटी २००१ साली केसी रीस आणि बेन फ्राय यांची प्रोसेसिंग ही भाषा जन्मली आणि तिने रंगाचे कोठार खुले केले. टायलर हॉब्सच्या २०२१ मधील फिडेन्झा या ९९९ चित्रांच्या मालेत चित्रकार एकही रंग जागेवर बसवीत नाही. तो रंगांचा एक संच ठरवतो आणि त्या संचातील प्रत्येक रंगाला नशिबाचा वाटा नेमून देतो, अमक्यास पुष्कळ, तमक्यास क्वचितच. एखाद्या चित्रात पांढुरक्या, काळपट निळ्या रंगांच्या गर्दीत कोठेतरी एकच शेंदरी फीत येते आणि सारे चित्र तिच्याभोवती जमते, ते त्या क्वचितपणाच्या तरतुदीमुळे.

याच्या शेजारी नित्य दृष्टीस पडणारा माल ठेवून पाहिला, की खेद वाटतो. जांभळ्यातून गुलाबी, गुलाबीतून निळा असे ते विजेच्या पाट्यांसारखे झगझगीत पट्टे, सारेच रंग एकाच टिपेला; आज्ञावलीत जे आधीच भरून दिलेले असते तेच चित्र म्हणून पुढे केले जाते. दीड कोटी रंगांच्या मालकाने पाच-सात रंगांवर, आणि तेही दुसऱ्याने निवडलेल्या, गुजराण करावी हे विलक्षण आहे. मराठीत अबोली, मोरपंखी, अंजिरी, आमसुली, गुलबक्षी, पारवा, विटकरी, चिंतामणी अशी नावे आहेत. लुगड्यांच्या दुकानात बसणाऱ्या जुन्या माणसाला त्यांतले अंतर अंक न मोजता कळे.

आपल्याकडे या दिशेचा पहिला साहसी पुरुष म्हणजे चित्रकार अकबर पदमसी. १९६९च्या सुमारास नेहरू फेलोशिपच्या पैशातून त्यांनी मुंबईत व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप चालवले, आणि त्यात सिझिजी हा रेषा व संख्याक्रम यांवर उभारलेला, राम मोहन यांनी चलत्-चित्रबद्ध केलेला लघुपट झाला. संगणक नव्हता, पण विचार संगणकाचाच, आणि तोही काळ्यापांढऱ्यात. रंगाचा प्रयोग त्यांनी इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर या दुसऱ्या लघुपटात केला. त्याची एकुलती प्रत हरवली. पुढे कालमानाने संगणक आला तेव्हा पदमसींनी त्यावरही मुद्राचित्रे केली. वासुदेव गायतोंडे यांनी संगणकास कधी हात लावला नाही, तरी त्यांचे नाव येथे घेणे भाग आहे, कारण आजचा तरुण चित्रकार गायतोंडे पाहतो ते बहुधा पडद्यावर. रुळाने आणि सुरीने थर चढवून, खरवडून, त्यांनी कॅनव्हासच्या आतून जो उजेड वर आणला, तो पडद्याच्या मागच्या दिव्याने पाहिला की सगळाच उजळ होतो, आणि कोठला थर आधीचा, कोठला नंतरचा, हा चित्राचा खरा काळच पुसला जातो. त्या उजेडाची नक्कल करणारी पुष्कळ अंकीय चित्रे मी पाहिली. त्यांत धुके होते, खोली नव्हती.

मध्यंतरी मी स्वतः केलेले एक चित्र, म्हणजे चौकोनांचीच एक मांडणी, आमच्या भागातल्या एका छपाईच्या दुकानात नेले. पडद्यावर त्यातला हिरवा पालवीसारखा लखलखत होता. कागदावर तो वाळक्या पुदिन्यासारखा उतरला. मी जरा चढ्या आवाजात विचारताच यंत्रापाशी बसलेला मुलगा शांतपणे म्हणाला, “काका, हा हिरवा शाईत नाहीच. चारच शाया आहेत, त्यांच्या हद्दीत जे आहे तेच येणार.” मी विचारले, आता काय करायचे? त्याने पुन्हा एकदा पडद्याकडे, मग कागदाकडे पाहिले. “हिरव्याला हात लावू नका. शेजारचा हा केशरी फार उजळ आहे, त्याला जरा मारा, थोडा तांबूस-काळपट करा. हिरवा आपोआप उठेल.” शेव्रल किंवा आल्बर्स ही नावे त्याच्या कानावर गेली असतील असे मला वाटत नाही. मी केशरीचे अंक खाली आणले, त्याने दुसरा कागद सोडला, आणि यंत्र कुरकुरत पुढे सरकू लागले.